मैदान रिकामं असतं तेव्हा: डिव्हिजन थ्री फुटबॉलचा ऑफ-सीझन कसा वाचायचा

अमेरिकन फुटबॉल म्हटलं की डोळ्यांपुढे सुपर बोल येतो, नाहीतर मिशिगन किंवा अलाबामाची लाखभर माणसांनी भरलेली कॉलेज स्टेडियमं. हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि लांबोडका चेंडू असलेला तो खेळ, सॉकर नव्हे. याच खेळाचा एक मोठा मुलूख टीव्हीच्या बाहेर पसरलेला आहे. अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संघटना बघते आणि तिने आपल्या सदस्यांचे तीन गट पाडलेत. तिसऱ्या गटात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, सुमारे २४० कॉलेजं फुटबॉल खेळतात. इथे सामन्याला दोन-तीन हजार माणसं आली तरी गर्दी चांगली समजतात. प्रेक्षक घडीच्या खुर्च्या घरून घेऊन येतात, आणि मैदानावरची पोरं दुपारी बायोलॉजीची लॅब उरकून सरावाला आलेली असतात.

हंगाम सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो. प्रत्येक संघाला जास्तीत जास्त दहा सामने. नोव्हेंबरच्या मध्यावर साखळी संपते, ४० संघ प्लेऑफला जातात, आणि उरलेल्या दोनशे संघांच्या चाहत्यांना पुढचा सामना दिसतो तो साडेनऊ महिन्यांनी. एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, चाहत्याचं या काळात बरं चाललेलं असतं. खेळाडूंचे करार, ड्राफ्ट (कॉलेजच्या खेळाडूंची निवड), सराव शिबिरं, त्यावर चोवीस तास बोलणारी माणसं. डिव्हिजन थ्रीच्या चाहत्याला यातलं काही आयतं मिळत नाही. बातमी येते ती दोन ओळींची, आणि बऱ्याचदा ती फुटबॉलची म्हणून येतच नाही. कॉलेजने फी किती वाढवली, पहिल्या वर्षाला किती मुलं आली, विश्वस्तांनी कुठला विभाग बंद केला, शेजारचं कॉलेज कुठल्या कॉन्फरन्समध्ये (जवळपासच्या कॉलेजांच्या साखळीत) गेलं, अशा बातम्या. माझं म्हणणं असं, की या स्तरावर फुटबॉलचा निकाल जितका ऍडमिशन ऑफिसात आणि विश्वस्तांच्या बैठकीत लागतो तितका मैदानावर लागत नाही. ते एकदा ध्यानात आलं की जानेवारी ते ऑगस्ट हा काळ कंटाळवाणा राहत नाही.

पैसा नाही, म्हणजे नेमकं काय नाही

एनसीएएचे हे तीन गट १९७३ साली झाले. डिव्हिजन थ्रीचा मूळ नियम सोपा: खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही. मुलगा कितीही लांब चेंडू फेकत असला तरी त्या कौशल्यापोटी फीमध्ये एक डॉलर माफ करता येत नाही. एनसीएएला टीव्हीकडून मिळणाऱ्या अफाट उत्पन्नातला या अख्ख्या गटाच्या वाट्याला येणारा हिस्सा ३.१८ टक्के आहे, आणि सदस्यसंख्येने हा सर्वांत मोठा गट. त्यामुळे डिव्हिजन थ्रीचं कॉलेज फुटबॉलमधून पैसे मिळवतं, असं कुणी म्हणालं तर तिकीटविक्री किंवा टीव्ही यांचा विचार लगेच बाजूला ठेवा.

तरीही कॉलेजं फुटबॉल बंद करत नाहीत, उलट काही नव्याने सुरू करतात. याचं उत्तर फीच्या हिशोबात आहे. समजा, एका खासगी कॉलेजची छापील फी, राहणं-खाणं धरून, वर्षाला ६५ हजार डॉलर आहे. ती फी जवळपास कुणीच पूर्ण भरत नाही. गुणवत्तेवर किंवा घरच्या परिस्थितीवर सवलत मिळते, आणि अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांत नव्या विद्यार्थ्यांच्या शिकवणीच्या फीवर सरासरी निम्म्याहून अधिक सूट असते. तर आपला हा विद्यार्थी प्रत्यक्षात २५ हजार भरतो असं धरू. आता फुटबॉलच्या संघात ११० मुलं घ्या. वर्षाचे झाले साडेसत्तावीस लाख डॉलर. त्यातली एक तृतीयांश मुलं फुटबॉल नसतं तरी याच कॉलेजात आली असती असं मानलं, तरी खेळामुळे आलेली रक्कम अठरा लाखांच्या घरात जाते. कोचचे पगार, हेल्मेटं, बसभाडं आणि गवत यांचा खर्च त्यातून भागतो आणि वर उरतं. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, पण हिशोबाची रीत हीच.

म्हणून या स्तरावर मोठमोठे संघ दिसतात. मैदानावर एका वेळी अकरा जण खेळतात आणि संघात शंभर-सव्वाशे पोरं असतात. त्यातली कित्येक चार वर्षांत एकदाही मुख्य सामन्यात उतरत नाहीत. पण त्यांची फी जमा होते आणि वर्गात मुलगे दिसतात. अमेरिकेत पदवीच्या वर्गांत दर दहांत साधारण सहा मुली असतात, त्यामुळे मुलगे कुठून आणायचे ही छोट्या कॉलेजांची कायमची चिंता आहे, आणि फुटबॉल हा त्यावरचा खात्रीचा उपाय. यात मला काही लबाडी वाटत नाही. मुलाला खेळायचं असतं, कॉलेजला विद्यार्थी हवा असतो, सौदा उघड आहे. फक्त त्या मुलाच्या आईवडिलांना चार वर्षांनी किती कर्ज उरेल, ते कोचने गोड बोलता बोलता स्पष्ट सांगितलेलं असावं.

या गटातली सगळीच कॉलेजं लहान किंवा गरीब आहेत, असंही नाही. विस्कॉन्सिनच्या राज्य विद्यापीठाचं व्हाइटवॉटर इथलं केंद्र, न्यूयॉर्क राज्यातलं कोर्टलँड, या सरकारी संस्था आहेत आणि विद्यार्थी हजारोंनी. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न रिझर्व्ह हीसुद्धा डिव्हिजन थ्रीच. आपल्याकडचे पालक ही नावं झोपेतही सांगतील, पण त्यांच्याकडे फुटबॉलचा संघ आहे हे पोरगं तिथे चार वर्षं काढून आलं तरी घरी कळलेलं नसतं. एमआयटीचा संघ २०१४ साली साखळीत अपराजित राहिला आणि प्लेऑफचा पहिला सामना ओव्हरटाइममध्ये जिंकला. पुढच्या फेरीत त्यांना ५९-० असा मार बसला, ते वेगळं.

सह्यांचा फोटो आणि खरा कागद

जानेवारी-फेब्रुवारीपासून एक प्रकारचे फोटो दिसू लागतात. हायस्कूलच्या जिममध्ये किंवा लायब्ररीत टेबल मांडलेलं, त्यावर कॉलेजच्या रंगाचं कापड, मुलाच्या डोक्यावर कॉलेजची टोपी, दोन्ही बाजूंना आईवडील, मागे शाळेचा कोच. मुलगा हसत हसत कागदावर सही करतोय. पहिल्या डिव्हिजनमध्ये अशा सहीला कराराचं वजन असतं. इथे तो कागद निव्वळ आनंदासाठी आहे; एनसीएएनेच तसा नमुना दिलाय आणि त्याने कोणीही कशालाही बांधलं जात नाही. मुलगा उद्या दुसऱ्या कॉलेजची टोपी घालून दुसरा फोटो काढू शकतो. काढतातही.

खरा कागद म्हणजे डिपॉझिटची पावती. परंपरेने १ मे ही तारीख ठरलेली: त्या दिवसापर्यंत मुलांनी एका कॉलेजला होकार द्यायचा आणि काहीशे डॉलर भरायचे. म्हणून फेब्रुवारीत तीस फोटो टाकणाऱ्या कोचपेक्षा मे महिन्यात गप्प बसलेल्या कोचकडे जास्त मुलं असू शकतात. फोटो मोजत बसणाऱ्या चाहत्याची ऑगस्टमध्ये हमखास निराशा होते.

ही सगळी गाडी सरकारी फॉर्मवरही अडते. आर्थिक मदतीसाठी अमेरिकेत प्रत्येक कुटुंबाला फाफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो. तो एरवी ऑक्टोबरात खुला होतो. २०२४ च्या प्रवेशांसाठी सरकारने नवा, सुटसुटीत अर्ज आणायचं ठरवलं आणि तो उघडला डिसेंबर २०२३ च्या अगदी शेवटी, तोही धडपडत. कॉलेजांकडे माहिती पोचायला मार्च उजाडला. मग मदतीची पत्रं उशिरा, निर्णय उशिरा, अनेक ठिकाणी १ मेची तारीख पुढे. श्रीमंत विद्यापीठांनी हे पचवलं. पण ज्या कोचचं सगळं म्हणणं “तुला आमच्याकडे नेमका किती खर्च येईल ते मी सांगतो” या एका वाक्यावर उभं असतं, त्याच्या हातात तो आकडाच नव्हता. त्या वसंतात छोट्या कॉलेजच्या संघाचं भवितव्य वॉशिंग्टनमधल्या एका संगणकप्रणालीत अडकलं होतं, आणि क्रीडापानांवर त्याचा उल्लेख औषधालाही सापडला नसता.

दुसरा दरवाजा ट्रान्सफर पोर्टलचा. कॉलेज बदलायची इच्छा असलेल्या खेळाडूंची ती नोंदवही. डिव्हिजन थ्रीतला एखादा मुलगा तीन वर्षं चमकला की वरच्या डिव्हिजनमधून बोलावणं येतं, आणि आता तिथे फीमाफीबरोबर रोख रक्कमही मिळू शकते. छोट्या संघाच्या चाहत्याला याचा राग येतो, मला येत नाही. तीन वर्षं फी भरून खेळलेल्या पोराला शेवटच्या वर्षी कुणी पैसे देत असेल तर त्याने ‘नाही’ का म्हणावं?

उलटा प्रवाहही आहे आणि तो वाढेल असं दिसतं. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या, खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या ‘हाऊस’ खटल्याच्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या मोठ्या विद्यापीठांना फुटबॉल संघ १०५ खेळाडूंपुरता ठेवावा लागतो. पूर्वी तिथे स्कॉलरशिपविना सराव करणारी बरीच मुलं असायची. ती खाली सरकतात, त्यांच्या खालची आणखी खाली. ऑगस्टच्या रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, एखाद्या लाइनमनच्या (पुढच्या फळीतल्या दणकट खेळाडूच्या) नावापुढे मोठ्या विद्यापीठाचं नाव ‘आधीचं कॉलेज’ म्हणून दिसलं, तर त्यामागे ही ढकलाढकल असू शकते.

आणि कोच. चांगला कोच टिकत नाही, हे या स्तरावरचं जुनं दुखणं. लान्स लायपोल्डने व्हाइटवॉटरला आठ वर्षांत १०९ विजय, ६ पराभव आणि सहा राष्ट्रीय विजेतेपदं दिली, मग तो पहिल्या डिव्हिजनमधल्या बफेलोला गेला आणि तिथून कॅन्ससला. कोर्टलँडने २०२३ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ सेंट्रलला ३८-३७ असं हरवलं. शेवटच्या मिनिटांत नॉर्थ सेंट्रलने बरोबरीच्या एका गुणाऐवजी विजयाच्या दोन गुणांचा डाव खेळला आणि तो फसला. वर्षभराने कोर्टलँडचा कोच कर्ट फिट्झपॅट्रिक कोलगेटला, म्हणजे पहिल्या डिव्हिजनला गेला. कोच गेला की पाठोपाठ काय होतं ते बघायचं: त्याचे सहायक कोण घेऊन जातो, आणि त्याने शब्द दिलेली हायस्कूलची मुलं येतात की फिरतात. डिसेंबरात गेलेला कोच फार नुकसान करत नाही. मार्चमध्ये गेलेला करतो, कारण तोवर मुलांचे निर्णय अर्धवट झालेले असतात.

सेंट थॉमसला घराबाहेर काढलं, ती गोष्ट

ऑफ-सीझनमध्ये काय काय घडू शकतं याचा नमुना हवा असेल तर मिनेसोटाकडे बघावं. तिथे एमआयएसी नावाची कॉन्फरन्स आहे. कॉन्फरन्स म्हणजे जवळपासच्या कॉलेजांची साखळी. हंगामातले बहुतेक सामने आपापसांतच. १९२० साली ही स्थापन झाली तेव्हापासून सेंट पॉल शहरातलं सेंट थॉमस विद्यापीठ तिचं सदस्य. काळाच्या ओघात सेंट थॉमस सहा हजारांवर पदवी विद्यार्थ्यांचं झालं, शेजारी मात्र दोन-तीन हजारांवरच राहिले. त्याचा परिणाम मैदानावर दिसायला लागला. २०१७ मध्ये सेंट थॉमसने सेंट ओलाफला ९७-० असं हरवलं.

सत्त्याण्णव-शून्य. फुटबॉलमध्ये असा धावफलक दिसला की हरणाऱ्या कॉलेजच्या अध्यक्षांना दुसऱ्या दिवशी पालकांचे फोन येणारच. मग बैठका झाल्या. मे २०१९ मध्ये, मैदानावर चेंडूही नसताना, कॉन्फरन्सने जाहीर केलं की सेंट थॉमसला बाहेर जावं लागेल. कारण दिलं स्पर्धेतल्या समतोलाचं. ९९ वर्षांचा संस्थापक सदस्य, गुन्हा एकच: फार जिंकतो.

सेंट थॉमसने मग जे केलं ते आधुनिक काळात कुणी केलं नव्हतं. तिसऱ्या डिव्हिजनमधून मधली पायरी गाळून थेट पहिल्या डिव्हिजनमध्ये, २०२१ पासून. यात सगळ्यांत मोठं नुकसान झालं ते सेंट जॉन्सबरोबरच्या त्यांच्या हाडवैराचं. १९०१ पासूनचा हा सामना. २०१७ मध्ये मिनियापोलिसच्या बेसबॉल मैदानावर भरवला तेव्हा ३७,३५५ माणसं आली होती. डिव्हिजन थ्रीचा हा विक्रम पुढे कोर्टलँड आणि इथाका यांनी २०१९ साली न्यूयॉर्कजवळच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये ४५ हजारांवर नेऊन मोडला. त्याच वर्षी सेंट थॉमस आणि सेंट जॉन्स फुटबॉलमध्ये कॉन्फरन्सचे सोबती म्हणून शेवटचे भिडले.

इकडे एमआयएसीने डुलूथचं सेंट स्कॉलॅस्टिका आत घेतलं, मॅकॅलेस्टरचं फुटबॉल परतलं, आणि संघांचे दोन गट पाडले. मॅकॅलेस्टर हे नाव जुन्या चाहत्यांना वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे: १९७४ ते १९८० या काळात ते सलग ५० सामने हरले होते, आणि ती माळ तुटली सामना संपायला ११ सेकंद उरले असताना मारलेल्या फील्ड गोलने, म्हणजे खांबांमधून लाथाडलेल्या चेंडूने. सेंट थॉमसला समतोलासाठी काढलं आणि हे आले, म्हटल्यावर समतोल नक्कीच साधला.

कॉन्फरन्सच्या अशा हालचाली दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे चालू असतात. त्यामागे साधं गणित आहे. कॉन्फरन्सच्या विजेत्याला प्लेऑफमध्ये थेट जागा मिळते, पण त्यासाठी कॉन्फरन्समध्ये ठराविक किमान संघ लागतात. एखादं कॉलेज बाहेर पडलं की उरलेल्यांची जागा धोक्यात येते, मग ते कुणाला तरी फोडतात, आणि फुटलेल्यांच्या मागच्या कॉन्फरन्सला तीच चिंता लागते. जानेवारीत एनसीएएचं अधिवेशन भरतं तिथेही डिव्हिजन थ्रीमध्ये एका कॉलेजला एक मत. सोसायटीच्या वार्षिक सभेत पेंटहाऊसवाल्याचं आणि वन-आरकेवाल्याचं मत सारखंच मोजतात तसं. जॉन्स हॉपकिन्सचं आणि आयोवातल्या आठशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजचं वजन सारखं, म्हणून इथले नियम क्वचितच बलाढ्यांच्या सोयीने बदलतात.

कॉलेजच बंद पडलं तर

मोठ्या विद्यापीठाचा चाहता संघ हरेल म्हणून घाबरतो. छोट्या कॉलेजच्या चाहत्याला अख्खं कॉलेज जाईल ही भीती असते, आणि ती उगाच नाही. इलिनॉयमधलं मॅकमरी २०२० मध्ये बंद झालं. मिशिगनच्या उत्तर टोकाचं फिनलंडिया २०२३ मध्ये. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न, १८५६ सालचं, ३१ मे २०२४ ला बंद झालं. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोत डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. तिन्ही ठिकाणी फुटबॉल होतं. कधी कॉलेज टिकतं आणि फुटबॉल जातं: इंडियानाच्या अर्लमने २०१८ च्या नोव्हेंबरात, सलग ५३ पराभवांनंतर, संघ स्थगित केला.

यामागे लोकसंख्येचा हिशोब आहे. अमेरिकेत २००७ साली जन्मांचा उच्चांक झाला, मग मंदी आली आणि जन्म घटत गेले. त्या २००७ च्या बाळांनी २०२५ मध्ये अठरा वर्षं पूर्ण केली. म्हणजे इथून पुढे दरवर्षी कॉलेजला येऊ शकणारी मुलंच कमी, आणि ईशान्य व मिडवेस्ट या भागांत, जिथे ही छोटी कॉलेजं दाटीवाटीने आहेत, तिथे घट जास्त.

तेव्हा आपल्या संघावर जीव असेल तर उन्हाळ्यात तीन गोष्टींकडे कान ठेवावा. पहिल्या वर्षाची विद्यार्थिसंख्या. मान्यता देणाऱ्या संस्थेकडून कॉलेजला ‘सूचना’ किंवा ‘परिवीक्षा’ असं काही मिळालंय का. आणि देणगीच्या गंगाजळीतून रोजचा खर्च भागवणं सुरू झालंय का. यातलं तिसरं सर्वांत वाईट. नवं स्कोअरबोर्ड बसवलं म्हणून खूश होणाऱ्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे अपशकुनी माणसाकडे बघावं तसं बघतात. बघू देत.

वेळापत्रक म्हणजे अर्धा निकाल

वसंतात संघ सराव करतात, पण मोजके दिवस, आणि त्यावरून संघाची ताकद जोखणं म्हणजे नेट प्रॅक्टिस बघून शतकाचा अंदाज करणं. मी तिकडे फारसं लक्ष देत नाही. त्यापेक्षा वेळापत्रक जाहीर होतं तो दिवस महत्त्वाचा.

प्लेऑफच्या ४० जागांपैकी दोन डझनांहून अधिक कॉन्फरन्स-विजेत्यांना जातात. उरलेल्या मूठभर जागांसाठी बाकी सगळे. पूर्वी समिती बसून ठरवायची कोण पात्र; २०२४ पासून त्यासाठी एनपीआय हा आकडा वापरतात. त्याचं तत्त्व सांगायला अवघड नाही. प्रत्येक सामन्याचा एक आकडा निघतो: तुम्ही जिंकलात की हरलात हा एक भाग, आणि समोरचा किती तगडा होता हा दुसरा. या आकड्यांवरून तुमचा एनपीआय ठरतो. पण समोरच्याचा तगडेपणाही त्याच्या एनपीआयवरच मोजायचा, आणि त्याचा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर. म्हणून संगणक तेच गणित पुन्हा पुन्हा फिरवतो, आकडे हलायचे थांबेपर्यंत. किती गुणांनी जिंकलात याला किंमत शून्य. ३-० आणि ७०-० सारखेच.

आता यात ऑफ-सीझन कुठे आला? सामने फक्त दहा. त्यातले सहा ते नऊ कॉन्फरन्सचे, म्हणजे कोचच्या हातात नसलेले. उरलेले एक ते चार सामने कुणाशी खेळायचे हे कोच ठरवतो, तेही पुष्कळदा वर्ष-दोन वर्षं आधी. दुबळ्या संघांशी खेळून नऊ विजय आणि एक पराभव गोळा केला, तर नोव्हेंबरात असं कळू शकतं की दोन पराभव झालेला पण तगड्यांशी भिडलेला संघ आत गेला आणि आपण घरी. उलट, फार तगडा प्रतिस्पर्धी घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात क्वार्टरबॅकचा (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा) गुडघा गेला, तर अख्खा हंगाम पाण्यात. शिवाय प्रवास बसचा. सहा-सात तासांच्या पलीकडे जायचं तर मुक्काम आला, ऐंशी-नव्वद जणांच्या खोल्या आणि जेवण आलं, आणि ऍथलेटिक डायरेक्टर भुवया उंचावतो. त्यामुळे ओरेगॉनचं लिनफिल्ड, ज्यांचा १९५६ पासून सहा दशकांहून जास्त काळ एकही हंगाम पराभवांच्या बाजूला झुकला नाही, त्यांना चांगला प्रतिस्पर्धी शोधणं भूगोलामुळेच कठीण. ओहायोतल्या संघाला तासाभराच्या अंतरात पाच-सहा मिळतात.

ओहायो म्हटलं की माउंट युनियन आलंच. अलायन्स नावाच्या वीस-बावीस हजार वस्तीच्या गावातलं हे कॉलेज. लॅरी केहरेस तिथे १९८६ ते २०१२ कोच होता: ३३२ विजय, २४ पराभव, ३ बरोबरी, ११ राष्ट्रीय विजेतेपदं. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत अंतिम सामना, ज्याला स्टॅग बोल म्हणतात, नऊ वेळा माउंट युनियन आणि व्हाइटवॉटर यांच्यातच झाला. त्या काळात बाकीच्या दोनशे तीस संघांनी कशासाठी खेळायचं, असा प्रश्न पडावा. त्याचं उत्तर सेंट जॉन्सने २००३ मध्येच देऊन ठेवलं होतं: माउंट युनियनची सलग ५५ विजयांची मालिका त्यांनी अंतिम सामन्यात २४-६ अशी मोडली. सेंट जॉन्सचा कोच जॉन गॅग्लियार्डी तेव्हा ७७ वर्षांचा. त्याच्या सरावात टॅकल करायला, म्हणजे समोरच्याला धरून पाडायला, बंदी, शिट्टी नाही, आरडाओरडा नाही, आणि खेळाडूंनी त्याला ‘कोच’ म्हणायचं नाही, ‘जॉन’ म्हणायचं. कारकिर्दीत ४८९ विजय. कॉलेज फुटबॉलच्या कुठल्याही डिव्हिजनमध्ये इतके कुणाचे नाहीत.

ऑगस्टचं रोस्टर

ऑगस्टच्या मध्यावर मुलं कॅम्पसवर येतात आणि संघाची यादी लागते. बहुतेक लोक क्वार्टरबॅकचं नाव शोधतात आणि यादी मिटतात. गेल्या वर्षीची यादी शेजारी ठेवून वाचली तर मात्र तिच्यात कॉलेजचा सगळा ताळेबंद सापडतो.

आधी दुसऱ्या वर्षाची मुलं मोजा. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला पन्नास होती आणि आता दुसऱ्याला वीसच उरली असतील, तर कोच भरती करण्यात पटाईत आहे आणि टिकवण्यात कच्चा. किंवा दोष कोचचा नाही, फीचा आहे. मग ऑफेन्सिव्ह लाइनकडे, म्हणजे चढाईतल्या पुढच्या फळीकडे, वळा. तिथे तिसऱ्या-चौथ्या वर्षाची पाच-सहा दणकट पोरं दिसली तर संघ यंदा बरा खेळणार, कारण या स्तरावर अठरा वर्षांचा लाइनमन क्वचितच तयार असतो. खाऊन-पिऊन, वजनं उचलून घडायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. व्हाइटवॉटरचा क्विन माइनर्झ अशाच एका लाइनमधून २०२१ मध्ये तिसऱ्या फेरीत एनएफएलला निवडला गेला. होबार्टचा अली मार्पेट २०१५ मध्ये दुसऱ्या फेरीत गेला होता.

शेवटी गावांचा रकाना. कॉलेज ओहायोत आणि यादीत अचानक फ्लोरिडा-टेक्ससची वीस नावं दिसली, तर घराजवळची मुलं आटली आणि कोचला लांब जाळं टाकावं लागलं. ही मुलं चांगली खेळतात, पण पहिल्याच नोव्हेंबरच्या बर्फात अर्ध्यांना घरची आठवण येते, आणि पुढच्या ऑगस्टच्या यादीत ती नसतात. माझ्या संघाच्या यादीत या वेळी अशी नावं वाढलेली आहेत. दुसऱ्या आठवड्यात आमचा सामना तीन तासांवरच्या एका तगड्या संघाशी आहे, तो जिंकला तर एनपीआयचं बघू. पण या फ्लोरिडाच्या पोरांपैकी किती जण नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर परत येतात, तिकडे माझं जास्त लक्ष राहील.